एकशे पाच वर्षांनी परतलेलं राज्य: ट्युनिशियातल्या बायझंटाईन वाटा

शनिवार: शेब्बा, रास काबूदिया

ट्युनिसमध्ये उतरलेले पाहुणे आधी कार्थेजला जातात. आम्ही गाडी दक्षिणेला काढली. जी गोष्ट बघायला आलो होतो, म्हणजे बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्याचं इथे परतणं, ती इथल्या एका भूशिरावर सुरू झाली, म्हणून पहिला मुक्काम तिथलाच हवा असा माझा हट्ट होता. सोबत ताई होती. तिची सगळी नोकरी तहसील कचेरीत, महसूल शाखेत गेली. साम्राज्य कसं चाललं हे समजून घ्यायचं तर असं माणूस बरोबर असावं, हे पुढे रोज पटत गेलं.

सूसपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या बागा लागतात आणि त्या संपतच नाहीत. शेब्बाच्या टोकाला समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ आहे, तिच्यावर बोर्ज खदीजा नावाचा जुना बुरूज उभा आहे. बुरूज नंतरचा, पण जागा तीच: कापुत वादा. इसवी सन ५३३च्या उन्हाळ्याअखेर सेनापती बेलिसॅरियस इथे उतरला. कॉन्स्टँटिनोपलहून निघालेल्या ताफ्यात ५०० मालवाहू जहाजं, ९२ युद्धनौका, १०,००० पायदळ आणि ५,००० घोडदळ होतं. काम एकच: वांडाल या जर्मानिक टोळीच्या राजांनी घेतलेला आफ्रिका प्रांत सम्राट जस्टिनियनला परत मिळवून देणं.

सह्याद्रीतले किल्ले चढत वाढलेल्या माणसाला एक खोड असते. कुठेही गेलं की आधी पाण्याचं टाकं शोधायचं. मी तेच करत होतो आणि गंमत म्हणजे या जागेची जुनी हकीकतही पाण्याचीच आहे. बेलिसॅरियसच्या लष्करात इतिहासकार प्रोकोपियस स्वतः हजर होता. तो लिहितो, की छावणीभोवती खंदक खणताना या कोरड्या जमिनीतून पाण्याचा झरा फुटला. जस्टिनियनने पुढे इथे तटबंदीचं शहर वसवलं.

त्याच प्रोकोपियसने सांगितलेला दुसरा प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी काही सैनिक जवळच्या शेतातली फळं तोडून खात होते. बेलिसॅरियसने त्यांना फटके मारवले आणि सगळ्यांना बजावलं, की इथले लोक मुळात रोमन आहेत आणि वांडालांवर नाराज आहेत. या एकाच भरवशावर मी तुम्हाला इथे उतरवलं. तुम्ही त्यांना लुटलंत तर उद्या ते आणि वांडाल एक होतील. मग लष्कर किनाऱ्याने उत्तरेकडे निघालं आणि शेतकऱ्यांनी वाटेत बाजार मांडून माल विकला. सल्लाक्ता, म्हणजे तेव्हाचं सिल्लेक्तुम, पहाटे शहरात शिरणाऱ्या गाड्यांबरोबर काही सैनिक आत शिरून रक्ताचा थेंबही न सांडता ताब्यात आलं. सरकारी टपालाच्या प्रमुखाने घोड्यांसकट पक्ष बदलला.

ताई म्हणाली, "म्हणजे कचेरीतली माणसं आधी फुटली. मग राजा जायला वेळ लागत नाही."

रविवार: कार्थेज

ट्युनिसच्या मरीन स्थानकावरून सुटणारी छोटी गाडी खाडीच्या बांधावरून कार्थेजला नेते. आज हे श्रीमंत उपनगर आहे. बंगल्यांच्या बागांमधून आणि रस्त्यांच्या वळणांवर अवशेष दिसतात. अंतोनिनस स्नानगृहाचे खांब समुद्राला लागून उभे आहेत. बिर्सा टेकडीवरून खालची गोल लष्करी गोदी, तिच्या शेजारचं व्यापारी बंदर आणि पलीकडे बू कॉर्नीनचा दोन शिखरांचा डोंगर असं सगळं एका नजरेत येतं.

१३ सप्टेंबर ५३३ला शहराबाहेर दहाव्या मैलाच्या दगडाजवळ लढाई झाली आणि दोन दिवसांनी बेलिसॅरियस शहरात शिरला. वांडाल राजा गेलिमरसाठी रांधलेलं जेवण त्याच्याच महालात बसून बेलिसॅरियसने घेतलं. त्या दिवशी दुकानं उघडी राहिली. कारकुनांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या लिहून सैनिकांना घरं नेमून दिली आणि सैनिकांनी बाजारातून पैसे देऊन खाणं विकत घेतलं. जिंकलेल्या शहराचं असं वर्णन जुन्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडतं. डिसेंबरात त्रिकामारुमची लढाई झाली आणि पुढच्या मार्चमध्ये गेलिमर शरण आला. सगळं मिळून सहा-सात महिने लागले.

आता मी या प्रवासाला ज्यासाठी आलो त्याकडे येतो. एप्रिल ५३४मध्ये, म्हणजे गेलिमरच्या शरणागतीला जेमतेम महिना होत असताना, जस्टिनियनने आफ्रिकेच्या कारभाराचं फर्मान काढलं. ते त्याच्या कायदेसंहितेत आजही वाचता येतं. सुरुवातीला देवाचे आभार, मग वांडालांच्या १०५ वर्षांच्या जुलमाची आठवण आणि जीभ मुळापासून छाटल्यावरही बोलत राहिलेल्या श्रद्धावंतांचा उल्लेख. त्यानंतर थेट आस्थापना आणि पगार. आफ्रिकेला वेगळा प्रीटोरियन प्रीफेक्ट, म्हणजे सर्वोच्च मुलकी अधिकारी. त्याच्या हाताखाली सार्डिनियासह सात प्रांत. प्रीफेक्टच्या कचेरीत ३९६ माणसं, प्रत्येक प्रांताधिकाऱ्याकडे ५०. प्रीफेक्टला वर्षाला १०० पौंड सोनं. पाच वैद्यांची आणि व्याकरण व वक्तृत्व शिकवणाऱ्यांचीही तरतूद. अंमल १ सप्टेंबर ५३४पासून.

आम्ही स्नानगृहाजवळच्या सावलीत बसलो होतो. ताईने वहीत आकडे मांडले. पौंडाला ७२ सोन्याची नाणी, म्हणजे प्रीफेक्टचा पगार ७,२०० नाणी. प्रांताधिकाऱ्याच्या नावापुढे ४४८. पण त्याच वेळी बेलिसॅरियसला धाडलेल्या दुसऱ्या फर्मानात सरहद्दीवरच्या सेनाप्रमुखाच्या, दुक्सच्या, नावापुढे १,५८२ नाणी आहेत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कलेक्टरच्या साडेतीनपट लष्करी साहेबाला. उद्या कोणाचं चालणार ते आजच लिहून ठेवलंय."

मला हे फर्मान वाचताना आदरच वाटतो. लुटायला आलेलं राज्य वैद्य आणि मास्तर नेमत नाही. दुक्सांनी शिपायांचे पगार लाटू नयेत, माणसं कामावरून हलवून स्वतःच्या चाकरीला लावू नयेत, अशी ताकीदही त्यात आहे. पण फर्मानाच्या ओळीओळीत एक समजूत पक्की बसली आहे: हा मुलूख आपलाच होता, मधली १०५ वर्षं चोरीला गेली होती, चोर पकडला, आता घर जसं होतं तसं लावायचं. त्या १०५ वर्षांत लोक जगले, लग्नं झाली, जमिनी विकल्या गेल्या, डोंगरात नवी राज्यं उभी राहिली, हे कॉन्स्टँटिनोपलच्या हिशेबात आलंच नाही. इथून पुढचं प्रत्येक संकट त्यातून उपजलं असं माझं मत आहे, आणि पुढच्या दिवसांत जे पाहिलं त्याने ते अधिक घट्ट झालं.

पहिलं संकट कराचं. वांडालांच्या आफ्रिकेतल्या पहिल्या राजाने, गैसेरिकने, जुनी दप्तरं नष्ट करून टाकली होती. कोणाकडून किती सारा घ्यायचा याचा कागदच उरला नव्हता. म्हणून त्रिफोन आणि युस्त्रातियस असे दोन अधिकारी नव्याने आकारणी करायला आले. प्रोकोपियस म्हणतो, की लोकांना ती आकारणी ना माफक वाटली, ना सोसण्याजोगी. ताईला हे समजावून सांगावं लागलं नाही. मोजणी सुरू झाली की गावात काय होतं ते तिने आयुष्यभर पाहिलंय.

दुसरं संकट लष्करातच उठलं. बऱ्याच सैनिकांनी वांडाल विधवांशी आणि मुलींशी लग्नं केली. बायकांचं म्हणणं होतं, की वांडाल नवऱ्यांच्या वेळी आमच्याकडे ज्या जमिनी होत्या त्या आता रोमन नवऱ्यांबरोबर आमच्याकडेच राहाव्यात. सरकार म्हणालं, त्या खालसा झाल्या. सेनापती आणि प्रीफेक्ट या दोन्ही जागा तेव्हा सोलोमन नावाच्या एकाच माणसाकडे होत्या. ५३६च्या ईस्टरला त्याला चर्चमध्येच मारायचा कट झाला. मारेकऱ्यांचा हात धजला नाही, पण शहरात लूट सुरू झाली आणि सोलोमन होडीतून सिसिलीला पळाला. त्याच्याबरोबर पळालेल्या मोजक्या माणसांत प्रोकोपियस होता. तीन वर्षांपूर्वी ज्या शहरात दुकानं बंद झाली नव्हती ते शहर आता स्वतःच्याच सैन्याने लुटलं.

त्या बंडात एरियन या ख्रिस्ती पंथाचे सुमारे हजार शिपाईही होते. सम्राटाने ५३५मध्ये एरियन, डोनाटिस्ट (आफ्रिकेतला दुसरा वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू यांच्या उपासनेवर बंदी घातली होती. ईस्टरला आपल्या मुलांचा बाप्तिस्मा करता येणार नाही हे त्या शिपायांना सहन झालं नाही. ज्यांच्या बळावर प्रांत जिंकला त्यांचीच प्रार्थना बेकायदा ठरवली. यात राज्याचं काय हित होतं ते मला कळत नाही.

संध्याकाळी दामूस अल कारिता या प्रचंड बॅसिलिकेचे पडके खांब पाहिले. इथल्या धर्मगुरूंनी सम्राटाचं मनापासून स्वागत केलं होतं. पुढे त्याने तीन जुन्या लेखकांच्या मतांचा निषेध करायचं फर्मान काढलं तेव्हा सर्वांत कडवा विरोध याच आफ्रिकन चर्चने केला. ५५०मध्ये त्यांनी रोमच्या पोपलाही बहिष्कृत केलं. कार्थेजच्या बिशपला, रेपारातुसला, हद्दपारी मिळाली.

सोमवार: तेबूरसूक आणि दुग्गा

आता गाडी आत, पश्चिमेकडे. हा गव्हाचा मुलूख. वसंतात डोंगरउतार हिरवेगार असतात आणि मध्येच खसखशीच्या लाल फुलांचे पट्टे. ऐन तुंगाला रस्त्याच्या कडेलाच बायझंटाईन किल्ला आहे. गाडी थांबवून बुरुजांभोवती फिरलो, कोणी माणूस नव्हता, मेंढ्या होत्या.

तेबूरसूकच्या जुन्या तटावर एक लॅटिन लेख आहे: सम्राट जस्टिन आणि सम्राज्ञी सोफिया यांच्या राज्यात प्रीफेक्ट थॉमसने ही तटबंदी बांधली. म्हणजे जस्टिनियन गेल्यावरचा, त्याच्या वारसाचा काळ. मुलकी प्रीफेक्टच्या नावावर तट बांधला जातोय हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. करवसुली करणारा माणूस आता गवंडीकामावर देखरेख करत होता.

दुग्गा मात्र पोटभर पाहावं असं. डोंगराच्या कुशीत अख्खं रोमन शहर, नाट्यगृह, घरं, आणि मध्यभागी दुसऱ्या शतकातलं कॅपिटोल मंदिर, सहा उंच खांबांचं. फोटोत हे मंदिर एकटं आणि देखणं दिसतं. जवळ गेल्यावर बाजूची राकट भिंत दिसते. बायझंटाईनांनी मंदिर आणि समोरचा चौक दोन्ही आत घेऊन त्यांचा किल्ला केला. मोडलेल्या इमारतींचे घडीव दगड उचलून भिंतीत लावले. ज्या चौकात नगरपालिकेची सभा भरायची, पुतळे उभारले जायचे, निवडणुका व्हायच्या, तो चौक गढीच्या आत गेला.

फर्मानात लिहिलेली मुलकी व्यवस्था आणि जमिनीवर उतरलेली व्यवस्था यांच्यातला फरक या एका भिंतीत दिसतो. जुनं रोमन राज्य शहराच्या चौकातून चालायचं. परतलेलं राज्य त्या चौकाला तट घालून आत बसलं. दगड निरखत मी तिथे फार वेळ घालवला. ताई तोवर खाली पाण्याच्या टाक्यांकडे जाऊन आली होती.

रात्री अल केफला मुक्काम. गरम लबलाबी, म्हणजे हरभऱ्याची तिखट रस्सा-भाजी शिळ्या पावावर ओतून, खाल्ली आणि झोपलो.

मंगळवार: हैद्रा

अल्जीरियाच्या सीमेला टेकलेलं हे छोटं गाव. तेव्हाचं अम्मेदारा. पर्यटक फारसे येत नाहीत. उघड्या माळावर रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची इ.स. १९५ची कमान उभी आहे आणि तिलाही भिंती घालून छोटी गढी केल्याच्या खुणा आहेत. खाली ओढ्याच्या काठाला मोठा किल्ला: सुमारे २०० मीटर लांब, ११० मीटर रुंद, उत्तर आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या बायझंटाईन किल्ल्यांपैकी एक. आत एक छोटं चर्च. तटावर चढून ओढ्यापलीकडे बघितलं की हा किल्ला इथे का, ते नकाशाशिवाय समजतं. पश्चिमेला तेबेस्सा, दक्षिणेला गवताळ माळ, आणि डोंगरातून मूर, म्हणजे इथल्या मूळच्या बर्बर, टोळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा.

हैद्रात मला त्या १०५ वर्षांचा जिवंत पुरावा भेटला. इथे आस्तियस मुस्तेलस नावाच्या माणसाचा ५२६ सालचा मृत्युलेख सापडला आहे. तारीख वांडाल राजा हिल्देरिकच्या राज्यवर्षात दिली आहे. हा माणूस ख्रिस्ती होता आणि त्याच वेळी जुन्या रोमन नगरपुरोहिताची मानाची पदवी अभिमानाने लावत होता. राजा वांडाल, पदवी रोमन, धर्म ख्रिस्ती, आणि सगळं एका थडग्यावर सुखाने नांदतंय. याच सीमाभागात १९२८मध्ये लाकडी पाट्यांवरचे शाईने लिहिलेले दस्तऐवज मिळाले. ४९३ ते ४९६ या काळातले, वांडाल राजा गुंथामुंदच्या अमलातले. शेताचे तुकडे, ऑलिव्हची झाडं, एका गुलाम मुलाची विक्री, एका मुलीचा हुंडा. सगळे व्यवहार रोमन कायद्याच्या जुन्या चौकटीत, साक्षीदारांसह.

आता जस्टिनियनचा ५३५चा कायदा यावर ठेवून बघा. वांडालांनी वाडवडिलांकडून हिसकावलेली मालमत्ता परत मागायला पाच वर्षांची मुदत. ऐकायला न्याय्यच वाटतं. पण मधल्या तीन पिढ्यांत जमीन दोनदा विकली गेली असेल तर आजच्या धन्याने काय करायचं? ताईने लगेच विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर धरायचा?" जुने कागद तर गैसेरिकनेच संपवलेले. तिच्या मते अशा कायद्याने पहिला फायदा होतो तो राजधानीत ओळख असणाऱ्यांचा.

तरी सोलोमनबद्दल थोडं न्यायाने बोललं पाहिजे. ५३९मध्ये तो परत आला, फितुरीचा संशय असलेल्या सैनिकांना देशाबाहेर पाठवलं, उरलेल्या वांडालांना, बायकांसकट, हलवलं आणि शहरांना तट घातले. अशा हद्दपारीत किती घरं मोडली असतील याचा विचार या तटावर उभं राहून मनातून जात नाही. पण प्रोकोपियस सांगतो, की त्या चार-पाच वर्षांत इथल्या प्रजेला सुख लाभलं. हैद्रासारखे किल्ले त्या धोरणाचं फळ. सरहद्दीवर राहून शेती करणारे आणि पहारा देणारे सैनिक पुन्हा वसवायचे, असंही फर्मान होतं. किल्ला, शेत आणि पहारा एकत्र. कल्पना चांगली होती.

बुधवार: कासरीन आणि स्बैतला

कासरीन, तेव्हाचं किल्लियुम. फ्लावियस घराण्याचं तीन मजली थडगं पाहिलं, त्यावर ११० ओळींची कविता कोरली आहे. पण मला इथे आणलं ते ५४४ने. या परिसरात सोलोमन मारला गेला.

तो कसा मारला गेला ते नीट सांगायला हवं. वांडाल हरले तेव्हा मूर सरदारांनी बेलिसॅरियसकडे दूत पाठवून अधिकाराची चिन्हं मागितली होती. रिवाज जुना होता: सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची काठी, चांदीची टोपी, सोन्याच्या चापाने अडकवायचा पांढरा झगा, नक्षीचा अंगरखा, सोनेरी जोडे. बेलिसॅरियसने सगळं पाठवलं, वर रोख रक्कमही दिली. माझ्या मते हे राजकारण फर्मानातल्या कुठल्याही कलमापेक्षा शहाणपणाचं होतं. अंतालास नावाचा बिझासेना प्रांतातला मूर सरदार या व्यवस्थेत वर्षानुवर्षं सम्राटाच्या बाजूने राहिला. पुढे सोलोमनने त्याचं धान्य थांबवलं आणि त्याच्या भावाला ठार केलं. त्याच सुमारास सोलोमनचा पुतण्या सर्जियस, आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना शहरात बसणारा त्रिपोलितानियाचा अधिकारी, याच्याकडे लेवाथाई टोळीचे ८० प्रमुख तक्रार घेऊन आले. सैनिकांनी पिकं लुटल्याचं गाऱ्हाणं होतं. मेजवानीत बाचाबाची झाली आणि एक सोडून सगळे कापले गेले. टोळ्या उठल्या, अंतालास त्यांना मिळाला, आणि सोलोमन पडला.

सम्राटाने त्याच्या जागी नेमलं कोणाला? सर्जियसलाच. अंतालासने पत्र पाठवलं, की या माणसाला काढा, मी पुन्हा निष्ठेने राहीन. सम्राटाने मानलं नाही. शेवटी ५४६मध्ये आलेल्या सेनापती जॉन ट्रोग्लिताने, दुसऱ्या मूर सरदारांना हाताशी धरून, ५४८मध्ये शांतता आणली. प्रांत जिंकायला काही महिने लागले होते, शांत व्हायला चौदा वर्षं. त्या मदत करणाऱ्यांतला कुत्सिनास ५६३मध्ये ठरलेलं वार्षिक सोनं घ्यायला आला असताना कार्थेजच्या अधिकाऱ्यांनी त्याला मारलं. त्याच्या मुलांनी बंड केलं. एकदा जे घडलं तेच पुन्हा.

स्बैतला, म्हणजे सुफेतुला, दुपारच्या उन्हात मधासारख्या रंगाची दिसते. तीन मंदिरं एका रांगेत, भोवती उंच भिंत. आत जाताना प्रवेशाजवळच बायझंटाईन काळातली गढीवजा घरं आहेत, जाड भिंतींची. सेंट व्हिटालिसच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं कुंड इतकं सुरेख मोझेकचं आहे की ताई तिथून हलेना. आणि शहराच्या रस्त्याकडेला तेलाचे घाणे! लढाया चालू होत्या तरी ऑलिव्ह पिकत होते, तेल निघत होतं. कॉन्स्टँटिनोपलला या प्रांताची जी गरज होती ती याच तेलाधान्याची आणि कराची.

सहाव्या शतकाच्या शेवटी कार्थेजला एक्झार्क हा नवा अधिकारी दिसू लागतो. ५९१पासून त्याचा उल्लेख मिळतो. लष्कर त्याच्या हातात आणि मुलकी प्रीफेक्ट उरला असला तरी त्याच्या सावलीत. ताईने रविवारी वहीत मांडलेले दोन आकडे इथे खरे ठरले. दूरच्या प्रांताला असा सर्वाधिकारी दिला की निर्णय लवकर होतात, हे खरं. पण तो सम्राटालाही भारी पडू शकतो. एक्झार्क हेरॅक्लियसच्या मुलाने ६१०मध्ये कार्थेजच्या आरमारानिशी राजधानीत जाऊन सम्राट फोकासचं तख्त घेतलं. आणि ६४६मध्ये एक्झार्क ग्रेगरीने स्वतःलाच सम्राट जाहीर केलं. पुढच्याच वर्षी इजिप्तहून आलेल्या अरब सैन्याने त्याला याच सुफेतुलाच्या परिसरात मारलं. विजेते मोठी खंडणी घेऊन परत गेले. कार्थेज ६९८पर्यंत टिकलं.

गुरुवार: कैरवान

स्बैतलाहून कैरवानचा रस्ता सपाट आणि कंटाळवाणा. शहर ६७०मध्ये उक्बा इब्न नाफीने वसवलं. मोठ्या मशिदीच्या प्रार्थनामंडपात शेकडो खांब आहेत आणि त्यांचे माथे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ते जुन्या रोमन आणि बायझंटाईन इमारतींतून आणलेले. अंगणाचा उतार पावसाचं पाणी मधल्या गाळणीतून खालच्या टाक्यात नेतो. इथे मात्र ताईच्या आधी मी पोचलो.

नव्या राज्यकर्त्यांनी सुरुवातीला नाण्यांना फारसा हात लावला नाही. कार्थेजच्या टांकसाळीत सातव्या शतकात सोन्याची जाड, गुटगुटीत नाणी पडायची. आठव्या शतकाच्या आरंभी अरब सुभेदारांनी त्याच घडणीची नाणी पाडली. मजकूर एकाच ईश्वराच्या साक्षीचा, इस्लामी, पण भाषा आणि लिपी लॅटिन. बाजारातल्या माणसाला ओळखीचं नाणं हातात मिळालं. अरबी मजकूर त्यावर यायला आणखी काही वर्षं जाऊ दिली.